फ्रीजरमधला राजमा बर्गर मटणाच्या जागी चालेल का?

इंदूरच्या सुदामा नगरमधल्या एका काकूंनी विचारलं आहे. घरात पाच माणसं, रविवारचं मटण ठरलेलं. काकांचं कोलेस्टेरॉल वाढल्यामुळे डॉक्टरांनी मटण महिन्यातून एकदाच खायला सांगितलं, आणि त्याच सुमारास पंधरा वर्षांच्या नातवाने मांस खाणं पूर्णच सोडलं. सून सात वाजता ऑफिसातून येते. तिने फ्रोजन राजमा बर्गरचं पाकीट आणलं. काकूंनी टिक्क्या दुपारीच काढून ओट्यावर ठेवल्या आणि रात्री तव्यावर टाकल्या, तर उलथणं लावताच त्यांचा चुरा झाला. दोन उरल्या, त्या परत फ्रीजरमध्ये गेल्या. आता काकू विचारतात: हे मटणाच्या जागी खरंच चालेल का, बर्फातलं म्हणजे शिळंच नाही का, आणि घरी केलं तर जमेल का?

काकू, सगळ्यात आधी त्या उरलेल्या दोन टिक्क्या टाकून द्या. बाकीचं उत्तर नंतर वाचलंत तरी चालेल. दुपारपासून रात्रीपर्यंत इंदूरच्या स्वयंपाकघरात त्या पूर्ण वितळल्या होत्या. ५ ते ६० अंशांच्या मध्ये जिवाणू सगळ्यात वेगाने वाढतात, आणि आपला ओटा वर्षभर त्याच पट्ट्यात असतो. परत गोठवल्याने वाढलेले जिवाणू मरत नाहीत, आहेत तिथेच थांबतात. काही जिवाणूंनी तोवर सोडलेलं विष नंतर तळूनसुद्धा जात नाही. अन्न फेकायला जिवावर येतं हे मला कळतं, पण या दोन टिक्क्यांवर कोणाचं पोट पणाला लावू नका.

आता तुमचा पहिला प्रश्न. चालेल, आठवड्यातून दोन-तीनदा अगदी बिनघोर चालेल. फक्त ती टिक्की मटण समजून खाऊ नका, राजमा समजून खा. मटणातून नातवाला जे मिळत होतं त्यातलं बरंचसं राजमा देतो, एक गोष्ट मुळीच देत नाही. त्याबद्दल पुढे सांगते. मी २४ वर्षं गोठवलेल्या पदार्थांच्या कारखान्यांत काम केलं, त्यातली बरीचशी इंदूरच्याच सांवेर रोडवर, आणि या काळात राजमा, छोले, सोयाबीन यांच्या इतक्या टिक्क्या मोडताना आणि टिकताना पाहिल्या की एक गोष्ट खात्रीने सांगते. टिक्कीचं नशीब पाण्यावर ठरतं. मसाला नंतर येतो.

शिळं म्हणाल, तर आपल्या घरातच बघा. उन्हाळ्यात आपण सांडगे घालतो, कुरडया करतो, पापड वाळवतो. वर्षभर डब्यात राहतात, तरी त्यांना कोणी शिळं म्हणत नाही, कारण त्यात पाणीच उरलेलं नसतं आणि पाण्याशिवाय जिवाणूंना काही करता येत नाही. ऊन पाणी काढून घेतं. फ्रीजर पाणी काढत नाही, ते जागच्या जागी बर्फ करून बांधून ठेवतो. उणे १८ अंशांना जिवाणूंची वाढ थांबते, म्हणून चांगल्या गोठवलेल्या टिक्कीला टिकाऊपणासाठी रसायन घालायची गरजच नसते. रात्रीचा भात सकाळी शिळा होतो, कारण त्या आठ तासांत त्यात काहीतरी घडत असतं. गोठलेल्या टिक्कीत तसं घडत नाही. पोत मात्र हळूहळू बिघडतो, कडा कोरड्या पडतात, तेलाला जुनाट वास येतो. पाकिटावरची तारीख मुख्यतः त्यासाठी असते.

गोठवणं आणि गोठवणं यात फार फरक आहे, आणि तुमच्या चुऱ्याचं अर्धं कारण तिथे आहे. क्लॅरेन्स बर्ड्सआय हा अमेरिकन माणूस १९१० च्या दशकात आजच्या कॅनडातल्या लॅब्रेडॉर भागात राहत होता. तिथले इन्युइट लोक कडाक्याच्या थंडीत मासे पकडत, ते बाहेर येताच गोठत, आणि महिन्यांनी शिजवले तरी ताज्यासारखे लागत. त्याने कारण हेरलं ते वेगाचं. सावकाश गोठलं की बर्फाचे स्फटिक मोठे आणि टोकदार होतात, अन्नाचा आतला बांधा फाडतात. झटकन गोठलं की स्फटिक बारीक राहतात. पुढे १९२० च्या दशकात त्याने झटपट गोठवायची यंत्रं तयार केली. आजही कारखान्यात उणे ३५ ते उणे ४० अंशांचा वारा टिक्क्यांवरून जोरात फिरवतात, म्हणजे उणे १ ते उणे ५ या पट्ट्यातून त्या पटकन पार होतात. मोठे स्फटिक त्याच पट्ट्यात वाढतात. टिक्की तिथे जितकी रेंगाळेल तितकी ती वितळताना पाणी सोडणार.

माझ्या सुरुवातीच्या वर्षांत एका कारखान्यात आम्ही हे महागात शिकलो. ऑर्डर मोठी होती, घाई होती, आणि शिजलेला राजमा रात्रभर त्याच्याच पाण्यात पडून राहिला. सकाळी निथळला, पण दाणा आतपर्यंत पाणी पिऊन बसला होता. मिश्रण हाताला अगदी मऊसूत लागलं, टिक्क्या सुंदर वळल्या, गोठवल्यावर देखण्या दिसल्या. आठवड्याने हॉटेलांतून फोन यायला लागले: टिक्की तेलात सोडली की मधोमध चीर पडते आणि आतलं पिठूळ बाहेर येतं. मी स्वतः एका स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिले. कढईत टिक्की पडली, कडेला फेस आला, मग मध्यावर एक बारीक रेघ उमटली, रेघेतून वाफेची पिचकारी निघाली आणि टिक्की पुस्तकासारखी उघडली. आतलं जास्तीचं पाणी वाफ होऊन वाट काढत होतं. तो सगळा माल परत आला. तेव्हापासून मी राजमाच्या प्रत्येक घाण्यात दाणा बोटांत चेपून बघते: बोटाला ओल लागली पाहिजे, थेंब सुटता कामा नये.

तुमच्या तव्यावर काय झालं ते आता लगेच कळेल. गोठलेल्या टिक्कीला तिचा आकार सुरुवातीला बर्फच देतो. ती गोठलेलीच तव्यावर ठेवली की खालची बाजू आधी सुकते, तांबूस होते, कडक पापुद्रा धरते. आतला बर्फ वितळेपर्यंत हा पापुद्रा टिक्कीला सांभाळायला तयार झालेला असतो. तुम्ही ती आधी वितळवलीत. बर्फ गेला, पाणी दाण्यांच्या आणि पिठाच्या मधे सुटलं, पापुद्रा अजून झालेला नाही, आणि उलथणं आत शिरलं.

म्हणून फ्रीजरमधून थेट तव्यावर. जाड बुडाचा तवा मध्यम आचेवर तापवा, चमचाभर तेल, गोठलेली टिक्की ठेवा आणि चार मिनिटं तिला हात लावू नका. कडा कोरड्या दिसायला लागल्या आणि तवा हलवल्यावर टिक्की स्वतःहून सरकली की उलटा. मग आच कमी करून तीन मिनिटं झाकण ठेवा, म्हणजे वाफेने मधला भाग गरम होईल. शेवटी झाकण काढून दोन मिनिटं, नाहीतर वाफेने कडकपणा जातो. आत गरम झाली का ते बघायला मधोमध सुरीचं टोक खुपसा, दहा मोजा आणि ते मनगटाला लावा. चटकन चटका बसला पाहिजे. थर्मामीटर असेल तर मध्ये ७४ अंश. एअर फ्रायर असेल तर १८० अंशांना दहा-बारा मिनिटं, मध्ये एकदा उलटून, वरून तेलाचा हलका हात फिरवून. मायक्रोवेव्हमध्ये मात्र करू नका, आतून वाफ धरून ती रबरासारखी होते.

विकत आणताना दुकानातच पाकीट कानाशी धरून हलवा. टिक्क्या एकमेकींवर खडखड वाजल्या पाहिजेत. एकच ढेकूळ हलल्यासारखं वाटलं, किंवा आत भुरभुरीत बर्फ दिसला, तर ते पाकीट वाटेत कुठेतरी वितळून परत गोठलेलं आहे. ते ठेवून द्या. सामानाच्या यादीत फ्रोजन वस्तू सगळ्यात शेवटी घ्या. मे महिन्यात स्कूटरच्या डिकीत अर्धा तास म्हणजे टिक्कीसाठी फार झाला. वर्तमानपत्राच्या तीन-चार घड्यांत गुंडाळलं तरी बराच फरक पडतो.

मग पाकीट उलटा. आपल्याकडच्या नियमानुसार घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहावे लागतात, म्हणजे जे जास्त ते आधी. समोर मोठ्या अक्षरांत राजमा लिहिलेलं असतं आणि मागे यादी बटाट्यापासून सुरू होते, मग मैदा, मग पाम तेल, आणि राजमा चौथा-पाचवा. ती बटाट्याची टिक्की झाली. चवीला छान असेल, पण मटणाच्या जागी तिला बसवू नका. राजमा किंवा दुसरं कडधान्य पहिल्या दोनांत हवं. नंतर पोषणाच्या चौकटीत दर १०० ग्रॅममागे प्रथिनं बघा. ८ ग्रॅम किंवा त्याहून जास्त असतील तर खरंच कडधान्य आहे असं मी समजते. ४-५ असतील तर बहुतेक पिष्ट आहे. सोडियमही वाचा. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीप्रमाणे मोठ्या माणसाने दिवसाला २००० मिलिग्रॅमच्या आत राहावं, म्हणजे साधारण ५ ग्रॅम मीठ. एका टिक्कीत ४०० मिलिग्रॅम असेल आणि काकांनी दोन खाल्ल्या, त्यात पाव आणि सॉस, की दिवसाचा निम्मा वाटा एका जेवणात संपला. हिरव्या चौकटीतला हिरवा ठिपका शाकाहारासाठी असतो, तो असतोच. नातवाने दूधही सोडलं असेल तर व्हीगनचं वेगळं चिन्ह असतं. ते आपल्याकडे २०२२ च्या नियमांनी आलं. अन्नसुरक्षेचा (FSSAI) परवाना क्रमांक १४ आकडी असतो. घरगुती माल विकणाऱ्या ओळखीच्या ताईंकडून घेत असलात तरी तो नक्की विचारा, त्यांना राग येणार नाही. मी ज्यांना शिकवते त्या तो स्वतःहून दाखवतात.

आता मटणाचा हिशोब. शिजवलेल्या १०० ग्रॅम मटणात साधारण २५ ते २७ ग्रॅम प्रथिनं असतात. शिजलेल्या १०० ग्रॅम राजमात ८-९ ग्रॅम. कोरड्या राजमात २२-२४ असतात, पण शिजताना तो पाणी पिऊन दुपटीहून जास्त होतो, आणि आकडे सांगणारे बरेच जण कोरड्याचा आकडा सांगून मोकळे होतात. म्हणजे एक टिक्की ही मटणाच्या वाटीइतकी नाही, हे स्पष्ट आहे. पण जेवणात टिक्की एकटी नसते. दोन टिक्क्या, पाव, वर दह्याची जाडसर चटणी, सोबत एक पेला ताक, की वाढत्या मुलाच्या एका जेवणाला २० ग्रॅमच्या जवळ पोचता येतं. शिवाय प्रथिनांच्या घटकांपैकी राजमात लायसिन भरपूर आणि मेथिओनिन कमी, गव्हात नेमकं उलटं, त्यामुळे पावाबरोबर दोघांची भर निघते. वरण-भातामागे हीच जोडी आहे. आणि राजमातून जो चोथा, म्हणजे तंतुमय भाग मिळतो, तो मटणात शून्य असतो. काकांच्या कोलेस्टेरॉलला तोच उपयोगी आहे.

जी गोष्ट राजमा मुळीच देत नाही ती म्हणजे बी-१२ जीवनसत्त्व. कोणतंच कडधान्य देत नाही. नातू दूध-दही घेत असेल तर थोडं मिळेल, पण मांस एकदम सोडलेल्या वाढत्या मुलाची बी-१२ ची रक्ततपासणी वर्षातून एकदा करून घ्या आणि कमी निघालं तर डॉक्टर सांगतील ती गोळी द्या. याबाबतीत मी कोणालाही सूट देत नाही. लोहाचंही थोडं सांभाळा. राजमात लोह आहे, पण मांसातल्या लोहाइतकं ते सहज अंगी लागत नाही. टिक्कीवर लिंबू पिळलं की क जीवनसत्त्वामुळे जास्त शोषलं जातं. सोबत चहा घेतला की कमी. टिक्कीनंतर तासभर तरी चहा नको. काकांना मूत्रपिंडाचा त्रास असेल तर राजमातलं पोटॅशियम त्यांना चालतं का ते डॉक्टरांना आधी विचारा.

बाजारात दुसऱ्या जातीचे बर्गरही दिसतील, मांसासारखे दिसणारे, मांसासारखा रस सोडणारे. अमेरिकेत २०१६ पासून त्यांचा बोलबाला झाला. त्यांत वाटाण्याचं किंवा सोयाचं वेगळं काढलेलं प्रथिन असतं, खोबरेल तेल असतं, आणि अनेकदा मिथाइल सेल्युलोज, म्हणजे मिश्रण बांधून धरणारं द्रव्य. त्याचा स्वभाव उलटा आहे: बाकीचे जेल थंड झाल्यावर घट्ट होतात, हे गरम झाल्यावर घट्ट होतं आणि गार झालं की सैल पडतं. त्यामुळे गरम टिक्की मांसासारखी चावली जाते. त्यात काही विषारी नाही. पण कडधान्याचा बर्गर हा त्यांच्याहून जुना आणि साधा प्रकार आहे. लंडनच्या ग्रेगरी सॅम्सने १९८२ मध्ये व्हेजबर्गरचं कोरडं मिश्रण विकायला काढलं, आणि अमेरिकेच्या फ्रीजरांत काळ्या घेवड्याचे बर्गर आता कित्येक वर्षं आहेत. त्यांत दाणा दाण्यासारखा दिसतो. मला तोच आवडतो. आपल्या कटलेटच्या, डाळवड्याच्या घराण्यातला वाटतो, आणि घरच्या घरी जमतोही.

घरी करताना एकाच ठिकाणी मी कडक आहे. राजमा पूर्ण शिजलाच पाहिजे. कच्च्या राजमात फायटोहेमॅग्लुटिनिन नावाचं द्रव्य असतं. चार-पाच कच्चे दाणे पोटात गेले तरी एक ते तीन तासांत उलट्या आणि जुलाब सुरू होऊ शकतात. अमेरिकेच्या अन्न आणि औषध प्रशासनाची सूचना आहे की निदान ५ तास भिजवावा, ते पाणी फेकावं आणि ताज्या पाण्यात ३० मिनिटं उकळावा. न उकळता मंद आचेवर, ८० अंशांच्या आसपास ठेवला तर विषारीपणा कमी होण्याऐवजी वाढतो, म्हणून मंद गतीच्या विजेच्या भांड्यात (स्लो कुकरमध्ये) राजमा शिजवू नये. आपला प्रेशर कुकर यासाठी उत्तम, आत ११५-१२० अंश होतात. आणि एक गोष्ट आजकाल फार दिसते म्हणून सांगते: मुलं व्हिडिओ बघून फलाफल करतात, त्यात भिजवलेले काबुली चणे कच्चेच वाटून तळतात. काबुली चण्याला ते चालतं. तीच कृती राजमाला लावू नका. वरून खरपूस दिसणाऱ्या टिक्कीचा गाभा शिजलेला नसतो.

प्रमाण असं. पाव किलो राजमा, शक्यतो बारीक लाल जम्मू राजमा. मोठा चित्रा राजमा चालतो पण त्याची सालं टिक्कीत वेगळी लागतात. तुमच्याकडे साताऱ्याकडून कोणी येणार असेल तर कोरेगावचा वाघ्या घेवडा मागवा, राजमाचाच भाऊ आहे. रात्री भरपूर पाण्यात भिजत घाला, सकाळी ते पाणी फेकून द्या. गॅस करणाऱ्या साखरांचा काही भाग त्याबरोबरच जातो. ताजं पाणी, थोडं हिंग, कुकरला एक शिट्टी आणि मग मंद आचेवर वीस मिनिटं. बोटचेपा शिजला पाहिजे, गिचका नको. कुकर उघडताच चाळणीत उपसा, पाण्यात एक मिनिटही जास्त ठेवू नका. मग परातीत जुना सुती पंचा पसरून त्यावर राजमा एका थरात पसरा, पंख्याखाली अर्धा तास. दाणे हाताला कोरडे लागतील आणि काहींच्या साली तडकलेल्या दिसतील. इतपत हवं.

पुरणयंत्रातून काढू नका, मिक्सरमध्येही नको. त्याने लगदा होतो आणि लगद्यातून वाफेला वाट नसते. पावभाजीच्या मॅशरने किंवा सरळ मुठीने चेपा: दोन भाग मऊ, एक भाग अर्धवट फुटलेले दाणे. दोन कांदे बारीक चिरून तेलात परता, पाणी पूर्ण आटून कडा तांबूस होईपर्यंत. कच्चा कांदा घातला की तो फ्रीजरमधून बाहेर येताना सगळं पाणी टिक्कीत सोडतो; घरच्या टिक्क्या फुटण्याचं हे पहिल्या नंबरचं कारण. एक गाजर किसून, घट्ट पिळून, त्याच कढईत दोन मिनिटं.

बांधायला आपल्या हाताशी सगळ्यात चांगली वस्तू म्हणजे पोहे. ६५ ग्रॅम जाडे पोहे कोरडे भाजून रव्यासारखे वाटा. पोहे करताना साळ भिजवून, भाजून चेपलेली असते, म्हणजे त्यातलं पिष्ट आधीच शिजलेलं असतं आणि थंड मिश्रणातलंही पाणी शोषून घेतं. उकडलेला बटाटा हे काम करताना दिसतो, पण घरच्या फ्रीजरमध्ये सावकाश गोठला की वितळताना पाणी सोडतो आणि कणीदार होतो. पोह्यांबरोबर दोन मोठे चमचे भाजलेलं बेसन आणि ५० ग्रॅम भरड दाण्याचं कूट. कुटाने प्रथिनं वाढतात आणि चावायला काहीतरी मिळतं. आलं, लसूण, हिरवी मिरची, भाजलेलं जिरं, धणेपूड, मीठ. लिंबाचा रस आता नको, खाताना पिळा. सगळं हलक्या हाताने मिसळून पंधरा मिनिटं झाकून ठेवा, पोह्यांना पाणी प्यायला तेवढा वेळ लागतो. मग हातात उंडा घेऊन मुठीत दाबा आणि सोडा. बोटांचे ठसे उमटून राहिले तर जमलं. चिकटलं तर आणखी चमचाभर पोहे, फुटलं तर अगदी पाण्याचा हात.

एकूण ११ टिक्क्या होतील, प्रत्येकी ७५ ग्रॅमच्या आसपास, आणि प्रत्येकीत ७ ग्रॅमच्या आसपास प्रथिनं. जाडी दीड सेंटीमीटर, मध्यभागी अंगठ्याने किंचित दाबा म्हणजे मधला भाग लवकर तापेल. प्रथिनं आणखी हवी असतील तर एक मूठ सोया वडी गरम पाण्यात भिजवून, अगदी कोरडी पिळून, बारीक करून घाला. सोयाबीनच्या बाबतीत इंदूरकरांना बाहेर बघायची गरज नाही; सोयाबीनचं राष्ट्रीय संशोधन केंद्र १९८७ पासून आपल्याच गावात आहे. सोया वडीत कोरड्या वजनाच्या निम्म्याहून थोडी जास्त प्रथिनं असतात.

गोठवायचं असं. टिक्क्या आधी फ्रीजच्या खालच्या भागात तासभर गार करा. मग स्टीलच्या ताटाला बटर पेपर लावून, एकमेकींना न भिडवता, फ्रीजरच्या तळाला टेकवून उघड्या ठेवा. स्टील थंडी पटकन पोचवतं, प्लॅस्टिकचा डबा अडवून धरतो. एका वेळी पाच-सहाच ठेवा. अकरा एकदम ठेवल्या की फ्रीजर स्वतःच तापतो आणि सगळ्याच सावकाश गोठतात. पाच-सहा तासांनी नखाने वाजवून बघा, टकटक आवाज आला की जाड पिशवीत भरा, हवा दाबून काढा, आणि पिशवीवर तारीख लिहा. तुमच्या फ्रीजरवर किती तारे आहेत तेही बघून घ्या. तीन तारे म्हणजे उणे १८, तिथे घरच्या टिक्क्या दोन-अडीच महिने चवीला चांगल्या राहतात. दोन तारे म्हणजे उणे १२, तिथे महिन्याभरात संपवा. जुन्या एकदारी फ्रीजचा वरचा बर्फाचा कप्पा बहुतेकदा त्याहूनही उबदार असतो. तिथे आठवडा-दहा दिवसांचंच करा.

वीज गेली तर फ्रीजर उघडू नका. गच्च भरलेला फ्रीजर बंद दाराने बराच वेळ थंडी धरतो, अर्धा रिकामा लवकर सोडतो, म्हणून रिकाम्या जागेत पाण्याच्या बाटल्या गोठवून ठेवाव्यात. वीज आल्यावर टिक्की दाबून बघा. अजून कडक असेल, आत बर्फ जाणवत असेल, तर राहू द्या. मऊ पण फ्रीजइतकी थंडगार असेल तर त्याच दिवशी शिजवून संपवा. गार लागत नसेल तर टाका.

सुनेसाठी एवढंच: रविवारी सकाळी अर्धा-पाऊण किलो राजमा एकदम करा, जिथे मटणाला तास जात होता तिथे हा जाऊ दे. आठवड्यात सात वाजता आल्यावर तवा तापेपर्यंत पाव कापायचा, कांदा-टोमॅटो चिरायचा, बारा मिनिटांत ताट तयार. पावाला तुपाचा हात फिरवून तव्यावर शेका, टिक्कीवर लिंबू पिळा आणि वरून जिरावन, म्हणजे आपला इंदुरी चटपटा मसाला, भुरभुरा. गराडूच्या तळलेल्या कंदावर जो जिरावन आपण थंडीत खातो तोच. नातवाला मटणाच्या मसाल्याची आठवण येत असेल तर लवंग, दालचिनी, मिरी आणि भाजलेलं सुकं खोबरं वाटून मिश्रणात घाला. रविवारच्या घरभर वासाचा मोठा भाग त्या मसाल्याचाच असतो, आणि राजमा तो फार चांगला धरतो.

पहिल्यांदा करताना सगळ्या टिक्क्या गोठवण्याआधी एक लगेच तव्यावर भाजून बघा, मीठ आणि बांध दोन्ही कळेल. दुसरी एक दोन दिवसांनी फ्रीजरमधून थेट काढून भाजा. पहिली टिकली आणि दुसरी फुटली, तर पाणी राहिलंय. पुढच्या वेळी राजमा पंख्याखाली पाऊण तास ठेवा आणि कांदा आणखी परता.